मल्लूची ओंजळ

सिद्धूनं हात कानावर ठेवून आवाज असा सोडला, की देवळाच्या पायरीवर मान टाकून बसलेली धोंडुबाईसुद्धा ताठ झाली. ढोल घुमला, झांजा झणाणल्या, भंडाऱ्यानं ऊन पिवळं झालं. बिरोबाच्या माळावर पाय ठेवायला जागा नव्हती. लामेवरून, परमुलखातल्या लढाईवरून जिता आलेला सिद्धू आज पहिल्यांदा ओवी गात होता.

शेजारी चुलता बिराप्पा. सिद्धूनं गायचं, आणि गाणं थांबलं की तेच बिराप्पानं बोलून सांगायचं. गाणाऱ्याचा शब्द सांगणाऱ्यानं उचलला नाही तर ओवी मोडली. आणि ज्याची ओवी मोडली त्याला पुन्हा कुणी ढोलापुढं उभं करत नाही.

बिराप्पा-धोंडुबाईचा पोरगा गुंडा सिद्धूबरोबरच साताऱ्याला भरती झाला होता. पलटणी निराळ्या पडल्या. गुंडा कुठल्याशा वाळवंटात मेला, एवढाच सांगावा आला.

"ऐका बाबांनू," बिराप्पानं सूर लावला. "राक्षसानं भाऊ खाल्ला म्हनून मल्लू तलवार घिऊन निघाला. सात डोंगर वलांडलं. वहाणांचं कातडं गेलं, पायाचं कातडं गेलं, पर राग काय गेला न्हाई."

माळ खदखदून हसला.

"उडीव आता मुंडकं!" झांजवाला केरबा ओरडला. "लय ताटकळवलंस गड्या."

बिराप्पाचेही हात शिवशिवले. गुंडा गेल्यापासून ही जागा तो दात-ओठ खाऊन सांगायचा.

सिद्धूनं डोळे मिटले.

*राक्षस तापानं फणफणला, भुईवरी पडला,*
*पानी पानी म्हनीत, आईसाठी रडला.*
*मल्लूनं तलवार ठिवली, वंजळ भरली,*
*भावाच्या वैऱ्याच्या ओठाला नेऊन धरली.*

झांजा अडखळल्या. ढोल आपोआप थांबला.

"हे कुठलं रं आणलंस?" केरबा म्हणाला. "लामेवर राक्षसाचं पाय चेपीत हुतास व्हय?"

कुणी हसलं, कुणी थुंकलं. सिद्धू चुलत्याकडं बघत होता. कानावरचा हात अजून तिथंच होता.

बिराप्पाच्या जिभेवर जुने शब्द तयार होते. मुंडकं, रगत, चांगभलं. ते सांगितले असते तर माळ नाचला असता. पण त्याची नजर त्या हातावर खिळली. कानाशी धरलेला तळवा ओंजळीसारखाच वाकला होता.

*कुणाला पाजलंस रं पोरा?*

विचारलं नाही. चिमूटभर भंडारा घेऊन त्यानं तो सिद्धूच्या कपाळाला लावला आणि माळाकडं तोंड केलं.

"ऐका बाबांनू. मल्लूनं राक्षसाला पानी पाजलं. का म्हनाल, तर त्येला वाटलं, आपला भाऊ पडला तवा त्यो बी पानीच म्हनला आसंल. तवा तिथं बी आसंल की कुनी राक्षस. दिलं आसंल त्येला घोटभर."



"दिलं आसंल?" पायरीवरून धोंडुबाईनं विचारलं. गुंडाचा सांगावा आल्यापासून तिनं देवळात तोंड उघडलं नव्हतं.

बिराप्पानं सिद्धूकडं पाहिलं. आता पाळी गाणाऱ्याची होती.

केरबानं झांजा उचलल्या. सिद्धूनं काकीकडं तोंड फिरवलं, आणि आवाज सोडला.