लाल आसवाची गुळणी

अमरावतीच्या दारूबंदी कचेरीत सात माणसं होती आणि त्यांतल्या सहांच्या जिभेवर सरकारचा विश्वास नव्हता. कुठलं आसव औषध आणि कुठलं दारू, हे चाखून ठरवायला त्यांना पाठवलं की अहवालाच्या तळाशी एकच वाक्य येई : ‘निश्चित मत होण्यासाठी पुन्हा चाखणे आवश्यक.’ सातवा देवमन. तो गुळणी तोंडात फिरवायचा, पिकदाणीत थुंकायचा आणि साध्या पाण्याची चूळ भरून मोकळा व्हायचा. छप्पनच्या दसऱ्याला नागपुरात, आई चतुराबाईच्या शेजारी उभं राहून, त्याने पाच शीलं घेतली होती. मद्य न पिण्याचं त्यांतलं पाचवं. जिभेवर घेणं म्हणजे पिणं नव्हे, गळ्याखाली थेंब गेला तर शील मोडलं, असा अर्थ त्याने स्वतःपुरता लावून घेतला होता, आणि गेली सहा वर्षं थेंबभरही चूक होऊ दिली नव्हती.

त्यामुळे अचलपूरच्या नत्थुजीचा परवान्याचा अर्ज आला तेव्हा एसटीचा पास देवमनच्या हाती पडला.

नत्थुजीच्या मळ्यात काळ्या द्राक्षांचे वेल होते, कोण्या गोऱ्या साहेबाने हौसेने लावलेले. साहेब होता तोवर त्या द्राक्षांची वाईन होत असे. साहेब गेला, दारूबंदी आली, आणि तीच वाईन त्याच रांजणांत आसव झाली. रांजणांना तसं काही कळवण्यात आलं नव्हतं.

नत्थुजी साठी ओलांडलेला, काटकुळा गृहस्थ. भर दुपारी दोन वाजता हातात पेटलेला कंदील घेऊन तो फाटकात उभा होता. माल तळघरात होता. देवमनच्या वडिलांना त्या तळघराच्या पायऱ्या चांगल्या माहीत होत्या, कारण त्या त्यांनीच बांधल्या होत्या. मात्र काम संपल्यावर त्या उतरायची परवानगी त्यांना कधी मिळाली नाही. देवमन बूट न काढता उतरला.

वर चैत्र होता, खाली पौष. काळ्या मातीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण ओळीने बसले होते. तोंडं कापडमातीने बांधलेली, आणि प्रत्येकावर गेरूने एक नाव आणि एक साल. डोमाजी, ४९. गोदाबाई, ५१. मैनाबाई, ५२. ही मालाची नावं असणार असं सरकारी डोक्याला वाटलं आणि देवमनने वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं : ‘प्रकार पहिला : डोमाजी.’ नत्थुजीने पहिल्या रांजणाचं तोंड सोडलं आणि पळीभर आसव वाटीत ओतलं. कंदिलापुढे ते इतकं लाल दिसलं की देवमनने आधी वास घेतला.

गुळणी केली. तुरट चव, मागून थोडी गोडी, आणि अगदी शेवटी विडीचा धूर. देवमन विडी ओढत नसे. तो थुंकला. चुळीसाठी पाण्याचा तांब्या उचलतोय तोच त्याची जीभ आपोआप हलली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “नत्थ्या, लेका, बैल सोड. किती येळचा उभा हाय तो.”

आवाज आपला नव्हता याची भीती देवमनला नंतर वाटली. आधी वाटली ती ‘नत्थ्या’ची. जमीनदाराला असं म्हणणारं त्याच्या घराण्यात कोणी झालं नव्हतं.

नत्थुजी रागावला नाही. त्याने डोळे पुसले. “डोमाजीच हाय,” तो म्हणाला. “तेरा वर्षं झाली जाऊन.”

मग त्याने रीत सांगितली. रांजणाचं तोंड बांधण्याआधी बांधणाऱ्याने आत वाकून काहीतरी बोलायचं, ही त्या मळ्याची जुनी चाल. मुका रांजण आंबतो. मनात येईल ते बोलावं, शिवी चालते, गाणं चालतं. बोल आत राहतो आणि आसवाबरोबर मुरतो. गेरूची नावं मालाची नव्हती, बोलणाऱ्यांची होती. तिघंही त्या त्या सालीच गेले होते.

“जो गिळते त्याच्या पोटात जाते बोल,” नत्थुजी म्हणाला. “जो थुंकते त्याच्या तोंडातून निंगते. आतापरेंत थुंकनारा कोनी भेटलाच नाई, साहेब. माह्यानंबी थुंकवत नाई.”

अचलपूरच काय, आख्ख्या वऱ्हाडात भेटला नसता, हे देवमनला कचेरीच्या अनुभवावरून पटलं. वर जावं असंही त्याला वाटलं. पण नमुने तीन घ्यावेत असा नियम होता, आणि भूत दिसल्यास दोन चालतील असं त्या नियमाखाली कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याने गोदाबाईचा रांजण सोडायला सांगितलं, गुळणी केली आणि थुंकला. या वेळी जिभेवर म्हातारीचा बारीक आवाज आला, कामातून मान वर करून विचारल्यासारखा.

“पायऱ्यायवर कोन उभं हाय?”

दोघांनीही वळून पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. तो प्रश्न अकरा वर्षांपूर्वीचा होता हे दोघांना थोड्या वेळाने आठवलं, पण त्याने फारसं बरं वाटलं नाही.

तिसऱ्या रांजणापाशी नत्थुजी खाली बसला. मैनाबाई त्याची बायको. मरायच्या आधी सहा महिने तिने त्याच्याशी अबोला धरला होता. अबोल्याचं कारण त्याने विचारलं नाही. विचारलं तर आपलं वजन कमी होईल असं त्याला तेव्हा वाटत होतं. उन्हाळ्यात ती एकटी खाली उतरली, रांजण बांधून वर आली, आणि पौषात गेली. दहा वर्षं त्याने त्या मातीला हात लावला नव्हता. परवान्याचा अर्जसुद्धा त्याने केला तो थुंकणारा अधिकारी आल्याची बातमी एसटीच्या कंडक्टरकडून कळली म्हणून.

“मले तेवढंच आयकाचं हाय,” तो म्हणाला. “मंग तुमी कागदावर दारू लिहा नाईतं औषध लिहा.”

देवमनने गुळणी घेतली.

आसव गोड होतं, दहा वर्षांचं मऊ, तोंडभर पसरणारं. आणि थुंकायच्या आधीच शब्द जिभेखाली जमू लागले. बाईचा आवाज, सावकाश. राग असता तर बरं झालं असतं, तो नव्हता. वडाला फेरे घालून आल्यावर पदर सारखा करता करता एखादी बोलेल तशी ती बोलत होती : सात जनम? मले तं हा एकबी नोको होता.

नत्थुजी डोळे मिटून, तीर्थासाठी तळहात पुढे करावा तसा कान पुढे करून बसला होता. देवमनचे गाल फुगलेले. पिकदाणी पायाशी. थुंकलं की बोललं. माणसं मिठाची गुळणी धरून गप्प राहतात, तशी त्याने आसवाची धरली. पण मीठ बोलत नाही. त्याची जीभ टाळ्याला लागली, ओठांच्या फटीतून ‘सा’ निघाला, नत्थुजीचा चेहरा उजळला, आणि देवमनने सगळं गिळलं.

गळ्याखाली जाताना आवाज झाला. तळघरात तो आवाज पुष्कळ वेळ राहिला.

नत्थुजीने डोळे उघडले. “थुंकले नाई?”

“मुकाच होता रांजण,” देवमन म्हणाला. आवाज स्वतःचा आला म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि मग ध्यानात आलं की पाचव्या शीलामागोमाग खोटं न बोलण्याचं चौथंही गेलं.

“मंग आंबला असन.”

“आंबलाच हाय.”

नत्थुजीने पळी बुडवली आणि तोंडाला लावून रिकामी केली.

“गोड हाय, साहेब,” तो म्हणाला. “म्हंजे बोलली. अन् तुमी गिळलं.”

नत्थुजीने कापड भिजवलं, माती कालवली. मग तो रांजणाच्या तोंडाशी वाकला. ते ऐकू नये म्हणून देवमन घाईने पायऱ्या चढला, आणि चढताना एका बाजूला भिंतीला खेटून चढला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

अहवालात त्याने लिहिलं : ‘औषध. एक मात्रा पुरेशी.’ कचेरीतल्या सहाही जणांनी तो वाचला आणि देवमन अखेर आपल्यात आला म्हणून त्याला चहा पाजला.

पुढच्या पौर्णिमेला सकाळी तो आईबरोबर विहारात गेला. मोडलेलं शील पुन्हा घेता येतं, हे त्याला ठाऊक होतं. सगळे एका सुरात म्हणू लागले, देवमनने तोंड उघडलं, आणि जिभेखाली ती मऊ गोडी आली, तिच्यामागून शब्दाची सुरुवात. त्याने ओठ मिटले. मग आवाज न काढता नुसतेच हलवत राहिला, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत.

शेजारी चतुराबाईचे डोळे मिटलेले होते, हात जोडलेले. ते तसेच ठेवून ती थोडी सरकली, आणि लेकाच्या आणि आपल्या मध्ये तिने एका बाईपुरती जागा केली.