लामुनिये घराण्याची खाज

लामुनिये घराण्याची जमीन वाटण्यांत संपली, कॉफीला भाव उरला नाही, खाज तेवढी पिढ्यान्‌पिढ्या शाबूत राहिली. रविवारी जेवणं झाली की सगळे ओसरीवर बसत आणि दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांनी आपापल्या नडग्या खरवडत. क्लोतिल्देआत्याचा तर कायदाच होता : "नडगी बघा, बाप कळतो."

एवारिस्तोची नडगी जन्मापासून लोण्यासारखी मऊ. आत्या दर सणाला ती निरखायची, मग त्याच्या आईला म्हणायची, "काय गं जुरेमावहिनी, त्या वर्षीचा पोस्टमन दिसायला बरा होता, नाही?" आई मुकाट कोंबडी-भेंडी वाढायची. पोराला पोस्टमनचं काही कळलं नाही, दर वेळी वाढताना खाली जाणारी आईची मान मात्र कळली. त्याने कणीस उचललं, ते चाळिशी उलटली तरी खाली ठेवलं नाही. खाज औषधालाही नव्हती, पण घासून घासून नडगी अस्सल लामुनिये झाली. आत्याचं तोंड बंद झालं.

मग बेलो होरिझोंते शहरातून या खाजेचं मूळ शोधायला डॉक्टरीणबाई आल्या आणि सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या. एवारिस्तोला घाम फुटला. रक्त काही कणसाने घासता येत नाही.

निकाल घेऊन आल्यावर बाईंनी एकेकाला आत बोलावलं. आत्या दंड चोळत बाहेर आली, मग एवारिस्तोची पाळी.

"तुम्हाला हा आजार नाहीच," बाई म्हणाल्या. "पेशीच्या अंगावर निरोप झेलणारं एक प्रथिन असतं, रिसेप्टर. तुमच्या घराण्यात ते बिघडलेलं आहे, म्हणून खाज. तुमचं ठणठणीत आहे."

"म्हणजे माझा बाप..."

"अहो, बापाचा काय संबंध? एकाच बापाच्या निम्म्या पोरांना हे मिळतं, निम्म्यांना नाही. नाणं उडवल्यासारखं! पण मग या नडग्या सोलल्या कोणी?"

आत्याला रिसेप्टर कोण समजावणार, कप्पाळ! बाकीच्यांना खाजेवरचं नवं इंजेक्शन मिळालं होतं, म्हणून एवारिस्तोही दंड चोळतच बाहेर आला.

काही महिन्यांनी ओसरी ओळखू येईना. कोणी खाजवत नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून भाऊबंद पत्ते पिसत बसले. आत्याची नजर वळली तसा एवारिस्तोचा हात सवयीने नडगीवर गेला. खरर्र, खरर्र. भानावर येऊन तो थांबला.

आवाज थांबला नाही. आत्या खाजवत होती.

"आत्या, तुम्हाला इंजेक्शन लागू नाही पडलं?" कोणीतरी विचारलं.

आत्याचा हात जागीच थिजला. तिने एवारिस्तोकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. दोघांनाही सगळं कळलं : दंड दोघांनीही उगाच चोळला होता. एवारिस्तोला तिचा संताप आला आणि कीवही आली.

"तुला कोणी शिकवलं रे?" ती पुटपुटली.

"तुम्हीच, आत्या. आणि तुम्हाला?"

"माझ्या आत्याने."

जुरेमा मागेच उभी होती, हातात पेरूची वडी आणि चीज. तिने ताटली आत्याच्या मांडीवर ठेवली.

"मग वन्सं," ती गोड आवाजात म्हणाली, "तो पोस्टमन आता तुमच्या आईच्या नावावर लावू का?"

आत्याने घागरा खाली ओढला आणि मुकाट वडी खाल्ली.