टिचकी

"टिकेकर, मागे नका घेऊ सारखं. पुढची चित्रं मोजा," मोघेसाहेब म्हणाले आणि आपल्या केबिनमध्ये निघून गेले.

नरहर टिकेकरांनी माउसवरचा हात उचलला. संगणकावर काँक्रीटची तुळई दिसत होती. चुन्याने पांढरी केलेली, अंगभर काळे ठिपके. वरून जॅकने भार वाढवत न्यायचा, समोर व्हिडिओ कॅमेरा लावायचा, आणि भारामुळे कुठला ठिपका किती खाली सरकला ते एकेका चित्रावर मोजायचं. सेकंदाला पंचवीस चित्रं. भोपाळमधल्या त्या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत ही पद्धत नवीन होती. तीस वर्षं तुळईखालच्या डायलवर वाकण मोजलेल्या टिकेकरांना ती अजून पटली नव्हती; पडताळ्याला ते डायल लावतच.

चारशे बाराव्या चित्रात डाव्या कोपऱ्यातून गोपीनाथ आत येत होता. गोपीनाथ सरवटे, त्यांचा मदतनीस. तो वाकून तुळईखाली शिरत होता. सहाशे तिसाव्या चित्रात तुळई मोडत होती.

मोजणी चुकली की मागे जावं लागे. मग मोडलेली तुळई जुळून येई. गोपीनाथ तिच्याखालून उलट्या पावलांनी बाहेर पडे आणि मागे मागे येत कॅमेऱ्याजवळ नाहीसा होई. कॅमेऱ्यामागे त्या दिवशी टिकेकरच उभे होते. गेले आठ दिवस त्यांची मोजणी वारंवार चुकत होती.

दुपारी सुमित्रा सरवटे आली. गोपीनाथची बायको, उज्जैनची. तिच्या हातात कारखान्याचं पत्र होतं. 'मृत कर्मचारी विनापरवानगी, स्वतःच्या निष्काळजीपणाने भाराखाली गेला.' त्यामुळे तिला नोकरी नाही, आणि महिनाअखेर क्वार्टर खाली करायचं.

"भाऊजी, तुम्ही तिथेच होतात ना?" तिने विचारलं. "मला पक्कं माहीत आहे, ते बिना सांगितल्याचे कुठे जायचे नाहीत. घरी चहासुद्धा विचारून प्यायचे. मग हे निष्काळजी कसे?"

"चौकशीत चित्रं पाहिली त्यांनी," टिकेकर म्हणाले. "चित्रात तो एकटाच आत जाताना दिसतो."

"तुम्हाला काय दिसलं?"

टिकेकरांनी संगणकाकडे वळून पुढचं चित्र लावलं. तिने पत्राची घडी केली आणि ती गेली.

ती गेल्यावर त्यांनी कपाटातून मूळ कॅसेट काढली. संगणकातल्या चित्रांना आवाज नव्हता. कॅसेटला होता. ती ऐकायचं चौकशीत कुणाला सुचलं नव्हतं, आणि त्यांनी सुचवलंही नव्हतं. दार लावून त्यांनी ती टीव्हीवर सुरू केली. जॅकची घरघर, आणि मग कॅमेऱ्याला अगदी लागून त्यांचा स्वतःचा आवाज.

"गोपीनाथ, डायलची सुई अडकली बघ. जा, एक टिचकी मारून ये."

"भार उतरवायचा ना आधी?"

"अरे, दोन सेकंदांचं काम. जा."

"आलोच."

टिकेकरांनी टीव्ही बंद केला. शर्टाच्या बाहीने त्यांनी तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि कॅसेट घेऊन मोघेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

मोघेसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "चौकशी संपली आहे, टिकेकर. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला उकरताय?"

"मी पाठवलं त्याला, साहेब. भार न उतरवता. तो विचारत होता."

"हे लेखी द्याल?"

"देतो."

संध्याकाळी ते सुमित्राच्या क्वार्टरवर गेले. तिने खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी सांगितलं, गोपीनाथचे शब्द होते तसेच.

"म्हणजे त्यांनी विचारलं होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"दोन महिने तुम्ही रोज ड्यूटीवर जात होतात."

"हो."

"तेराव्याला माझ्या घरी जेवलात."

"हो."

"खरं सांगितलंत ते बरं केलंत," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पण आता यापुढे कधी दिसलात तर माझ्याशी बोलू नका. मला भाऊजी म्हणून हाक मारायची सवय आहे. तोंडातून निघून जाईल."

चौकशी पुन्हा झाली. पत्रातून 'निष्काळजीपणा' हा शब्द काढला गेला. सुमित्राला कारखान्याच्या टाउनशिपमधल्या शाळेत नोकरी मिळाली आणि क्वार्टर राहिलं. टिकेकरांना निलंबित केलं, नंतर मुदतीआधीच घरी बसवलं. ते टाउनशिपबाहेरच्या सोनागिरी वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेले.

सकाळी दूध आणायला ते टाउनशिपच्या फाटकापर्यंत येतात. सव्वासातला सुमित्रा शाळेला निघते, खांद्यावर पिशवी, भरभर चालत. ती वळणावर दिसली की टिकेकर दूधकेंद्राच्या मागच्या बाजूला जातात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. रांगेतला त्यांचा नंबर जातो. तिची पावलं ऐकू येईनाशी झाली की ते परत येतात आणि सगळ्यांत शेवटी उभे राहतात.