टाकीचं झाकण

जयरामच्या ट्रकला आजवर कोंडूशिवाय कुणी पाना लावला नव्हता. आणि आज म्हसाच्या जत्रेला बैल घेऊन निघालेली तीच गाडी टोकावड्याच्या नाक्यावर बंद पडली, तर जयरामने फोन करून बोलावलं कुणाला? मुरबाडच्या वाल्मिक मिस्त्रीला! तेही कोंडूच्या गॅरेजसमोर!

"वाल्मिक नवीन शिकून आलाय," जयराम म्हणाला होता. बस, तेवढ्यावरच कोंडूच्या अंगाचा तिळपापड झाला. चहाच्या टपरीवर ठाण मांडून तो बघत बसला.

वाल्मिकने चावी फिरवली. स्टार्टर जोरात फिरला, म्हणजे बॅटरी ठीक. पण सायलेन्सरमधून धूर नाही, म्हणजे इंजिनला डिझेलच पोचत नाही. वळखलं की मेल्याने, कोंडू चरफडला. वाल्मिकने फिल्टर बदलला, पाइप फुंकले, डिझेल ओढायचा हातपंप मारून मारून घामाघूम झाला. डिझेल काही येईना.

"टाकीत हाय ना?"

"कालच फुल्ल केलीय."

मग झाकण कशाला कोण उघडतंय! पण कोंडूने टपरीवरूनच ताडलं होतं. टाकी भरल्यावर जयरामने जत्रेसाठी गाडी रंगवली, त्या भरात झाकणही लालभडक केलं आणि त्यातलं हवेचं बारीक भोक बुजलं. आत हवा जाईना, मग डिझेल बाहेर येणार कसं? सांगायला एक शब्द पुरला असता. होऊ दे फजिती, म्हणत कोंडूने दुसरा चहा मागवला.

ऊन चढलं. ट्रकमधल्या बैलांच्या तोंडाला फेस आला, एक तर खालीच बसला.

"मला नाय समजत, जयरामशेठ," वाल्मिक सरळ म्हणाला. "कोंडूकाकांना इचारा."

कोंडू ऐटीत उठला. झाकण फिरवताच टाकीने सूंऽ करून हवा ओढली. त्याने तारेने भोक मोकळं केलं, पंप मारला, आणि इंजिन धडधडलं.

"मानलं काका!" वाल्मिक मनापासून हसला.

त्या हसण्यानेच कोंडूला मिरच्या झोंबल्या. "त्यात काय रे? मी तं पयला चहा पितानाच वळखलं व्हतं!"

जयराम गर्रकन वळला. "तवाच? नि माझी जनावरं तडफडताना बघत बसलास?"

कोंडूने हातातली तार खिशात कोंबली.

"वाल्मिक, चढ गाडीत," जयराम म्हणाला. "आजपासून गाडीचं काम तुझ्याकडं. तुला नाय समजलं, तर तू नाय म्हणून सांगतोस तरी."