गाभणीचं वाईट बोलू नये

जीपमधून दीपाली उतरली आणि गजराबाईची नजर तिच्या तोंडावरच खिळली.

पोरीचं तोंड सुजलं होतं. पापण्या जड, हिरव्या बांगड्या मनगटात रुतलेल्या, चपलेचा पट्टा पावलात घुसलेला. सातवा महिना चालला होता. सातव्यात पाय सुजतात, ते गजराबाईला कुणी सांगायला नको. पण तोंड सुजणं वेगळं, आणि तेही सकाळच्या पारी. गेल्या सोमवारी आली तेव्हा असलं काही नव्हतं. "ये बाई, टेक जरा," एवढंच म्हणून गजराबाई पाणी आणायला आत गेली आणि हंड्यापाशी नुसतीच उभी राहिली. बोलावं का? न्हाय, तिनं स्वतःला बजावलं. तीस वर्सं न्हाय बोलले, ते आज बोलू व्हय?

दीपाली मूळची परंड्याची, सासर धाराशिवला, नोकरी पुण्याच्या एका संस्थेत. शेळी आजारी पडायच्या दोन दिवस आधी सांगणारी मशीन ती बनवत होती. मशीन म्हणजे हाताला लागेल असं काही नव्हतं बरं का. मोबाइलात बसलेली अक्कल, दुसरं काय! शेळीचं चालणं, कान, रवंथ बघायचं आणि पुढचं भाकीत करायचं. शिकली होती परदेशातल्या पांढऱ्या, गुबगुबीत शेळ्यांवर. बेंबळीच्या पुढल्या या गावात आणून तिला आपल्या काळ्याभोर, लांब कानांच्या शेळ्या दाखवल्या, तर तिचं डोकंच चालेना. निम्म्या कळपाला तिनं आजारी ठरवलं होतं.

"माहेरी भाकरी शिकलेली सून कशी असते मावशी," दीपालीनं पहिल्या दिवशी समजावलं होतं, "तिला भाकरी पहिल्यापासून शिकवावी लागत नाही. इथली चूल आणि इथलं पीठ कळलं की झालं. मशीनचं तसंच आहे."

"मंग म्या तिची सासू म्हण की," गजराबाई म्हणाली होती आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या.

सासू म्हणून तिलाच का निवडलं? तर अख्ख्या शिवारात तिच्या नजरेचा बोलबाला होता. शेळी दावणीवरून नुसती वळली तरी हिला तिचं दुखणं कळायचं. चार महिने काम चाललं. गावातल्या दोनशे शेळ्या, प्रत्येकीच्या कानात नंबरचा बिल्ला. जीपचा ड्रायव्हर शिवराज मोबाइलवर मिनिटभर चित्रण करायचा, आणि गजराबाई एकच शब्द सांगायची: 'बरी' नाहीतर 'बिघडणार'. तो शब्द चित्रणाला जोडला जायचा, आणि मशीन त्यावरून धडा घ्यायची. इतकं सोपं.

आज मात्र दीपाली पाण्याचा तांब्या तसाच ठेवून लॅपटॉप उघडून बसली. चिडली होती.

"मावशी, शनिवारी हे चाळीस गावांतल्या बायकांच्या फोनवर जाणार आहे. आणि मशीन चुकतेय. बाकी सगळ्या शेळ्यांत नीट सांगते. गाभण शेळी समोर आली की डोळे मिटून 'बरी' म्हणते. मरायला टेकलेली असली तरी बरीच!"

"मशीनच ती. चुकायचीच."

"मला पण तेच वाटलं. तीन रात्री झोपले नाही. डोकं फुटायची वेळ आली." तिनं कपाळ दाबलं. गजराबाईनं ते पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. "मग मी तुमचे शब्द काढून बघितले. साध्या शेळ्यांत तुम्ही दहात नऊ वेळा बरोबर. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांपेक्षा बरोबर! आणि गाभण असताना आजारी पडलेल्या अकरा शेळ्या. अकराच्या अकरा तुम्ही 'बरी' सांगितल्यात. चुकून का होईना, एकदा तरी बरोबर यायला नको?"

गजराबाई शेळ्यांना पाणी दाखवायला उठली.

"हे बघा." दीपालीनं एक चित्रण लावलं. पडद्यावर एकतीस नंबरची गाभण शेळी उभी होती. गजराबाईचा आवाज आला, "बरी हाय." आणि पडद्याच्या कडेला तिचाच हात दिसला. शेळीचा कान चाचपून तो हात दावं सोडत होता, शेळीला कळपातून वेगळी बांधत होता, गुळाचं पाणी पुढं करत होता. "तोंडानं बरी, आणि हातानं औषध? तुम्हाला माहीत होतं, मावशी. अकराही वेळा माहीत होतं. मशीनला दुसरं काय शिकवलंत? गाभणीला काही होतच नाही, हे शिकली ती!"

चोरी पकडल्यावर माणूस एकतर भांडतो नाहीतर खाली बसतो. गजराबाई खाली बसली.

"गाभणीचं वाईट बोलू नये," ती म्हणाली. "बोललं की व्हतं."

"कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं म्हणे! तीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. गजराबाईनं पदर तोंडाला लावला आणि सांगितलं. धाकटी बहीण जगदेवी तिची जाऊ म्हणून त्याच घरात आली होती. पहिलटकरीण. आठव्या महिन्यात एके सकाळी गजराबाई भर चुलीपुढं सासूला बोलून गेली, "आत्याबाई, जगीचं तोंड बरं दिसत न्हाय. ही काय सुखरूप सुटायची न्हाय." सासूनं तिच्या तोंडावर हात मारला. चौथ्या दिवशी जगदेवीला झटके आले, आणि ती गेली. पोटातलंही गेलं. मातीवरून परत आल्यावर सासू सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या जिभेनं खाल्ली माझी सून." नवरा गप्प होता, सख्खी आईसुद्धा गप्प होती. तवापासून गजराबाईनं गाभणीच्या बाबतीत, शेळी असो नाहीतर बाई, तोंडाला कुलूप घातलं. हातानं काय करायचं ते करायचं, जीभ हलवायची न्हाय.

दीपाली लॅपटॉप बाजूला सारून तिच्याजवळ सरकली.

"मावशी, ही मशीन रोज सांगते ना, अमकी शेळी परवा आजारी पडणार? मग शेळी काय मशीनच्या बोलण्यानं आजारी पडते?"

"तसं कसं? तिला आधी दिसतंय म्हणून ती सांगती."

"मग तुम्ही?"

गजराबाईनं तोंडावरचा पदर काढला. "म्हंजी कावळा बसायला अन् फांदी मोडायला, असं म्हणतीस व्हय?"

"कावळासुद्धा नाही. फांदी किडलेली तुम्ही आधी बघितलीत. बाकी कुणाला दिसलंच नाही."

बाहेर एक करडू आईसाठी कोकलत होतं. गजराबाई उठली, पुन्हा बसली. बोलले आणि झालं काही, तर? पुन्हा तेच तोंड, तेच खापर. ही परक्याची लेक, हिची सासू धाराशिवहून येऊन शिव्या घालील. आणि नाही बोलले तर? तिनं दीपालीच्या पापण्यांकडं पाहिलं, मनगटाकडं पाहिलं. डोळे घट्ट मिटले आणि विहिरीत उडी टाकावी तसं बोलून टाकलं.

"तुझं तोंड सुजलंय पोरी. डोकं कवापासनं दुखतंय?"

"माझं? परवापासून. झोप नाही ना..."

"डोळ्यांम्होरं काजवे चमकत्यात?"

दीपाली थबकली. "कधी कधी. लॅपटॉप जास्त झाला की. आणि मावशी, उद्या माझी तपासणी आहेच, शनिवारचं काम..."

"चुलीत गेला तुझा शनिवार!" गजराबाई अशी कडाडली की दावणीवरच्या शेळ्यांनी माना वर केल्या. "उद्या न्हाय, आत्ता. तू बरी न्हाईस. तू बिघडणार हाईस, ऐकलंस का? म्या सांगते! जगीचं तोंड अस्संच व्हतं. शिवराज, ए शिवराज, गाडी काढ रं!"

दीपालीनं वाद घालायला तोंड उघडलं, आणि मिटलं. दहात नऊ वेळा बरोबर ठरलेली नजर आहे, हा हिशेब तिनंच तर मांडला होता. उठताना तिनं गजराबाईचा हात धरला, आणि जीपमध्ये बसेपर्यंत सोडला नाही.

तो दिवस गजराबाईला कसा गेला, ते विचारू नका. ना भाकरी गोड लागली, ना कुठं जीव रमला. आपण काय बोलून बसलो, बाई! जीभ दातांखाली धरून ती शेळ्यांमागं फिरत राहिली. चारच्या सुमाराला शिवराजचा फोन आला.

"मावशी, रक्तदाब लई वाढला होता. भरती केलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी दोन दिवस गेले असते तर झटके आले असते. औषध चालू झालंय. ताई बऱ्या आहेत, बाळाचे ठोके पण नीट आहेत. बाळंतपण लवकर करावं लागेल कदाचित, पण वेळेत आणलंत म्हणाल्या. ऐकताय ना?"

"ऐकतेय रं बाबा. ऐकतेय."

तिनं देवाला हात जोडले. मनावरचं तीस वर्षांचं ओझं उतरलं, असं वाटलं तिला. आपल्या जिभेनं कुणी मेलं नव्हतं. जगीला आपण मारलं नव्हतं. हलकं हलकं वाटत ती बांधाला टेकली, आणि तेवढ्यात शिवराजचं ते 'वेळेत' तिच्या मनात पुन्हा आलं.

त्या दिवशी, चुलीपुढं ती बोलली त्या सकाळी, दारात बैलगाडी जुंपून उभी होती. सासरा बाजाराला निघाला होता. बाजाराच्या गावात सरकारी दवाखाना होता. जगीला उचलून गाडीत घालायला दोन माणसं पुरली असती. हातात चार दिवस होते. सासूनं मारलं, तेव्हा आपण गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी गप्प, तिसऱ्या दिवशीही गप्प. एकदा बोललो ते चुकलं नव्हतं. पुन्हा बोललो नाही, ते चुकलं.

"जगे," ती मोठ्यानं म्हणाली, "म्या परत बोलायला पायजे व्हतं गं." आणि शेळ्या पांगल्या तरी बांधावर बसून ती धाकट्या बहिणीसाठी रडत राहिली.