गप्प खाट

पेंटरच्या शिडीला मुलाने कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. पेंटर काही शिडीवरून पडला नव्हता. घरच्याच उंबऱ्यात, चप्पल काढताना कोलमडला होता. पण ज्याला जमिनीवर उभं राहणं जड जातं त्याला शिडीवर चढू द्यायचं कशाला, हा मुलाचा हिशेब, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. तिकडे चष्मेवाल्याच्या दुकानाची पाटी अर्धी रंगून लटकली होती. महिनाअखेरीपर्यंत ती पुरी झाली नाही तर तो छापील फलक लावणार होता. आणि एकाने लावला की सगळी गल्ली लावणार, हे पेंटर ओळखून होता.

डॉक्टरीणबाईंनी हाडं, रक्तदाब, सगळ्यात त्याला पास केलं आणि पायांच्या तोलात नापास. पुरुषमाणसं वय झालं की केसांची नि पोटाची काळजी करतात, तोल गेलेला त्यांना पडल्यावर कळतो, असं त्या म्हणाल्या. रोज भिंतीजवळ एका पायावर उभं राहायचं. आधी धरून, मग हळूहळू सोडून. सुधारणा झाली हे कळणार कसं, असं मुलाने विचारलं तेव्हा त्या हसत म्हणाल्या, पँट उभ्याने घालता आली की समजा.

इथेच पेंटरची पंचाईत झाली. गेली कित्येक वर्षं तो दार लावून, खाटेवर बसून पँट घालत होता. हे कोणाला ठाऊक नाही अशी त्याची खात्री होती. प्रत्यक्षात ती खाट अशी करकरायची की तो आवाज आला की सून चहाचं आधण ठेवायची.

पाय सुधारायचे सोडून पेंटरने खाट सुधारली. सांध्यांत तेल सोडलं, स्क्रू आवळले, पायांखाली रबर सरकवलं. दुसऱ्या दिवशी तो बिनआवाजात बसला, बिनआवाजात उठला आणि पट्टा आवळत रुबाबात बाहेर आला. मुलगा चाटच पडला. त्याचा हात खिशाकडे गेलाही.

तेवढ्यात पेंटरची बायको म्हणाली, "आज खाट अगदीच गप्प आहे. तब्येत बिघडली असेल तिची. सुताराकडे पाठवून देऊ."

पेंटरने तिच्याकडे बघितलं. ती कपात साखर ढवळत होती. किल्ली खिशातच राहिली आणि खाट त्याच दिवशी गेली.

आता गादी जमिनीवर आली. पहिल्या दिवशी पेंटर एका पायावर उड्या मारत थेट कपाटावर आदळला. मग मात्र तो मुकाट्याने भिंतीजवळच्या सरावाला लागला. बायको शेजारी उभी राहून खिडकीबाहेर बघायची, पण हात त्याच्या कोपराखाली असायचा. आपल्या दुकानात टेबलावरच्या पाट्या तो एक पाय उचलून रंगवू लागला. एका गिऱ्हाइकाने तर काळजीने सांगितलं की, मागच्या गल्लीत सोय आहे, जाऊन या, मी थांबतो.

महिना संपत आला तेव्हा बैठकीच्या खोलीत परीक्षा झाली. घरच्या हाफपँटवरूनच पेंटरने उभ्याने पँटीत एक पाय घातला, जरा डुलला, दुसरा घातला, बटण लावलं. भिंत हातभर लांब होती.

"यात काय मोठं," मुलगा म्हणाला.

"मग तू दाखव," आई म्हणाली. "खाली शिडी धरणारा कसा आहे, तेही बघायला हवं."

दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा तो मुलगा पँटीत एक पाय घालून जो निघाला, तो सोफ्याशीच थांबला. सून पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली. मुलाने बसल्या जागेवरून किल्ली पुढे केली.

चष्मेवाल्याच्या दुकानासमोर त्याच दुपारी शिडी लागली. पेंटर सावकाश वर चढला, ब्रश बुडवला आणि खाली दोन्ही हातांनी शिडी धरलेल्या मुलाकडे बघून म्हणाला, "तू दोन्ही पायांवर उभा राहा हं बाळा. तुला अजून सवय नाही."