वरच्या बाणाचं बटण

कारखान्याच्या शेतकी खात्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा चेअरमननी नारळ फोडून भाषण केलं होतं, की उसाच्या पाळीवरून होणाऱ्या भानगडी आजपासून संपल्या. ज्याची लागण आधीची, त्याच्या उसाला तोडणीची टोळी आधी. यंत्राला ना मेव्हणा असतो ना व्याही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते यंत्र चालवायला सत्यशीला नेमली गेली. बीडला तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, त्यातल्या एकात सहा महिने शिकून ती पहिली आली होती. केजला एका खोलीत आई सत्यभामाबाईला घेऊन ती राहायची आणि कारखान्याच्या बसनं ये-जा करायची.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या हंगामात, दोन हजार एकच्या मार्चमध्ये, नांदूरघाटची छबुबाई शेतकी खात्याच्या अंगणात आली. विधवा बाई, दीड एकर ऊस. नव्व्याण्णवच्या बारा जुलैची लागण, म्हणजे दिवाळीनंतर लगेच टोळी यायला हवी होती. मार्च उजाडला तरी आली नव्हती. तुरे येऊन ऊस आतून पोकळ पडला होता. तिनं कांड्यांची मोळीच डोक्यावरून आणली होती. मशीनमध्ये पाहिलं तर तिच्या लागणीची तारीख बारा सप्टेंबर निघाली.

शेतकी अधिकारी मोहनराव केबिनमधून बाहेर आले. औरंगाबादला शिकलेले, इंग्रजीचा मोठा दिमाख, कारखान्याची साधी चिठ्ठीसुद्धा इंग्रजीत लिहायचे. अंगणात पन्नासेक शेतकरी उभे होते. त्या सगळ्यांपुढे त्यांनी सांगितलं, की साताच्या जागी नऊ पडला, ऑपरेटर बाईची बोटं घसरली, कारखान्याचा यात दोष नाही. मग सत्यशीलेकडे वळून शांतपणे म्हणाले, "हात जोडा बाईला."

सत्यशीला म्हणाली, की मी सातच टाकला होता. शेतावर जाऊन लागणीची नोंद घेणाऱ्या चिटबॉयचं मूळ रजिस्टर मागवा. रजिस्टर मोहनरावांच्याच कपाटात असायचं आणि त्या दिवशी ते सापडेना. "हात जोडा," ते पुन्हा म्हणाले. तिनं जोडले. छबुबाईनं मोळीतलं एक कांडं उपसून तिच्या अंगावर फेकलं. ते गालाला लागलं. कोणीतरी हसलं. सत्यशीलेला त्या बाईचा राग आला नाही. हसणाऱ्याचाही आला नाही. तिनं मान वर केली, तेव्हा मोहनराव हातरुमालानं चष्मा पुसत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान होतं. तो चेहरा तिनं मनात ठेवून घेतला.

दुसऱ्याच दिवशी तिची बदली गोदामावर झाली. आई म्हणाली, "सोडून दे पोरी. नोकरी ऱ्हायली हेच लई झालं." सत्यशीला हो म्हणाली. पण गोदामाच्या दारात बसून सहा महिने ती एकच गोष्ट घोळवत राहिली. सात आपण टाकला. नऊ कोणीतरी केला. हात लावल्याशिवाय आकडा बदलत नाही, आणि हात लावला असेल तर तो कुठंतरी उमटला असला पाहिजे.

ऑक्टोबरात नव्या हंगामाच्या तोंडावर, तिच्या जागी आलेला माणूस पुण्याला चांगली नोकरी लागली म्हणून निघून गेला. नोंदींचा ढीग पडला. मोहनरावांनी तिला परत बोलावलं. मागचं विसरा, असं त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं.

"विसरले, साहेब," ती म्हणाली.

आठ दिवस तिनं मान खाली घालून नोंदी उपसल्या. मग एका दुपारी डेटाबेसची काळी खिडकी उघडली. रोजच्या कामाचे रंगीत फॉर्म वेगळे होते. ही खिडकी म्हणजे थेट आत हात घालायची जागा. इथं एका ओळीत आज्ञा लिहायची, एंटर दाबायचं, की हव्या त्या शेतकऱ्याची हवी ती तारीख बदलायची. क्लासमध्ये तिनं एक शिकलं होतं. या खिडकीत वरच्या बाणाचं बटण दाबलं, की आधी दिलेली आज्ञा परत समोर येते. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीची. बाहेर पडून दुसऱ्या दिवशी आलं तरी कालच्या ओळी येतात, कारण जाताना तो प्रोग्रॅम त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवतो.

तिनं बाण दाबला. काही आलं नाही. तिनं स्वतः दोन ओळी लिहिल्या, बाण दाबला, त्या आल्या. बाहेर पडून परत आत शिरली, बाण दाबला, पुन्हा कोरं. म्हणजे चालू असेपर्यंत आठवण होती आणि बाहेर पडताक्षणी पुसली जात होती.

सिस्टिम बसवणारा केदारनाथ पाटोद्याचा, किराणा दुकानदाराचा मुलगा, आता बीडला कॉम्प्युटर विकायचा. तिनं बस स्टँडवरच्या एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला. त्यानं आधी विचारलं, "कामून पाहिजे तुमाला?" मग थोडं थांबून सांगितलं, की ते त्यानंच बंद केलंय. कधीकधी आज्ञेत पासवर्डही लिहिला जातो, तो फाइलमध्ये राहू नये म्हणून फाइलच्या जागी त्यानं एक वाट लावून दिली होती, जिकडे टाकलेलं कुठंच साठत नाही. ती वाट उडवली, की खरी फाइल आपोआप तयार होईल. त्यानं आज्ञा सांगितली, तिनं तळहातावर लिहून घेतली. गेल्या वर्षीचं काही मिळेल का, असं तिनं विचारलं. नाही, ते गेलं, तो म्हणाला.

गेलं तर गेलं. ज्याला एकदा पचलं तो पुन्हा खाणार, एवढं तिला कळत होतं.

तिनं ती वाट उडवली आणि स्वतःच्या कामासाठी वेगळं लॉगिन काढून घेतलं. जुनं लॉगिन आता एकट्या मोहनरावांकडे राहिलं. त्यांच्या केबिनमध्येही एक मशीन होतं, तेही त्याच मुख्य मशीनला, म्हणजे सर्व्हरला जोडलेलं, आणि ती फाइल सर्व्हरवरच होती. कोणत्या मशीनवरून कोण किती वाजता आत आलं, हे सर्व्हर वेगळं लिहून ठेवायचा. नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी तिथं दिसलं, की केबिनच्या मशीनवरून कोणीतरी वीस मिनिटं आत होतं. तिनं लगेच फाइल उघडली. रिकामी.

तिनं पुन्हा सगळं तपासलं. फाइल जागेवर होती, लिहायची परवानगी होती, डिस्कवर जागाही होती. स्वतः त्या लॉगिननं शिरून तीन ओळी लिहिल्या, बाहेर पडली, तर ओळी नीट उतरल्या. मग साहेबांच्याच का उतरत नाहीत? आपल्या ओळी पुसून टाकून ती दोन दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवून राहिली. जेवायला जाताना मोहनराव भिंतीवरचं बटण खटकन बंद करायचे, पंखा, दिवा आणि कॉम्प्युटर एकदमच. तिनं आपल्या टेबलावर तसंच करून पाहिलं. तीन ओळी लिहिल्या आणि सरळ बटण बंद केलं. चालू करून पाहते तर फाइलमध्ये अक्षर नाही. ही आठवण नीट निरोप घेऊन बाहेर पडलं तरच लिहिली जात होती. साहेब निरोपच घेत नव्हते.

ती कागद घेऊन केबिनमध्ये गेली आणि नम्रपणे म्हणाली, "साहेब, बटणानं बंद केलं की आत काम अडकून राहतं आणि तोडणीच्या स्लिपा छापायला अडतं. बंद करण्याआधी एक्झिट एवढं टाइप करत जा." हे अर्धं खरं होतं. मोहनरावांनी डायरीत लिहून घेतलं आणि तिचं कौतुकही केलं.

सतरा डिसेंबरला सव्वादोन वाजता फाइलमध्ये सहा ओळी आल्या. पहिली चुकली होती, स्वल्पविराम राहिला होता. दुसऱ्या ओळीत नांदूरघाटच्या धोंडीरामची लागणीची तारीख दोन महिने पुढं ढकलायची आज्ञा होती, पण गावाच्या स्पेलिंगमध्ये यू ऐवजी दोन ओ होते. मशीनला असं गाव सापडलं नव्हतं. तिसऱ्या ओळीत स्पेलिंग सुधारून काम झालं होतं. पुढच्या ओळींत मोहनरावांच्या मेव्हण्याचा ऊस धोंडीरामच्या जागी सरकला होता. सहावी ओळ एक्झिट.

सत्यशीलेनं ते दोनदा वाचलं. तिला धावत कार्यकारी संचालकांकडे जाता आलं असतं. धोंडीरामची तारीख तर तिथल्या तिथं अर्ध्या मिनिटात नीट करता आली असती. पण एकच प्रकरण म्हणजे पुन्हा कोणाचीतरी बोटं घसरली म्हणायला साहेब मोकळे. तिला एक नको होतं. तिला असं हवं होतं, की त्या माणसाला तोंड उघडायला जागा राहू नये. संचालक मंडळाची बैठक अठ्ठावीसला होती. तिनं ओळींची नक्कल काढून ठेवली आणि गप्प बसली.

विसाव्या तारखेला स्वतः धोंडीराम खिडकीशी आला. पांढऱ्या मिशांचा, हळू बोलणारा माणूस. पाळी कधी येते ते बघा म्हणाला. तिनं नाव टाकलं. पडद्यावर फेब्रुवारीचा शेवट दिसत होता. तिची बोटं बटणांवरच होती.

"फेब्रुवारी दाखवतंय, काका."

"आसं कसं? माज्या मागच्याला टोळी आली की."

"यादीत आहे ते सांगितलं," ती म्हणाली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. पण नक्कलही कुणाला दाखवली नाही. बाविसाव्या आणि सव्विसाव्या तारखेला आणखी ओळी आल्या. एकूण सात शेतकरी मागं, चार सोयरे पुढं.

अठ्ठाविसाव्या तारखेला सकाळी ती कार्यकारी संचालकांना भेटली. नगरकडून नुकतेच आलेले गृहस्थ, त्यांना इथल्या कुणाचं देणंघेणं नव्हतं. कागद वाचून ते तिला बैठकीत घेऊन गेले. त्याआधी तिनं आणखी एक केलं होतं. त्याच कागदाची दुसरी प्रत, प्रत्येक ओळीपुढं मराठीत अर्थ, शेतकऱ्याचं नाव आणि तारीख लिहून, अंगणातल्या फलकावर चिकटवली होती.

बैठकीत चेअरमननी कागद वाचला आणि मोहनरावांकडे पाहिलं. मोहनराव हसले. म्हणाले, की लॉगिन सगळ्यांना माहीत आहे आणि ही बाई माझ्यावर खार खाऊन आहे, हे तिनंच टाइप केलं असेल. त्यांना अजून कागद दिलेला नव्हता. सत्यशीला याच वाक्याची वाट पाहत होती.

"मी टाइप केलं असेल तर स्पेलिंग माझं असेल," ती म्हणाली. "साहेबांना इंग्रजीत फक्त नांदूरघाट लिहायला सांगा."

मोहनरावांनी पेन काढलं आणि झोकात लिहिलं. दोन ओ. कार्यकारी संचालकांनी फाइलची दुसरी ओळ शेजारी ठेवली, मग मोहनरावांनीच सहीनिशी पाठवलेल्या जुन्या चिठ्ठ्या ठेवल्या. सगळीकडे दोन ओ. केबिनच्या मशीनच्या वेळा वाचून दाखवल्या. सव्वीस तारखेच्या वेळेला सत्यशीला कार्यकारी संचालकांच्याच समोर बसून हंगामाचा अहवाल लिहून घेत होती, हेही त्यांनीच सांगितलं. मोहनरावांनी चष्मा काढला, पण पुसायला रुमाल सापडेना. सत्यशीला एकटक बघत राहिली. एक क्षणही तिनं नजर खाली केली नाही.

त्यांना निलंबित करायचं ठरलं. चेअरमन म्हणाले, बाहेर बोभाटा नको. पण बाहेर तोवर फलकाभोवती शेदीडशे माणूस जमला होता. मोहनरावांना गाडीपर्यंत त्या गर्दीतूनच जावं लागलं. कोणी हात लावला नाही, कोणी ओरडलं नाही. एक जण त्यांचीच ओळ मोठ्यानं वाचत होता, तो ते समोर आले तरी थांबला नाही. गाडीचं दार उघडताना त्यांचा हात दोनदा निसटला. सत्यशीला पायरीवर उभी होती. नऊ महिने छातीत बसलेलं काहीतरी खाली उतरत होतं आणि ते गोड लागत होतं. तिनं ते मनसोक्त लागू दिलं.

गर्दी पांगल्यावर धोंडीराम तिच्याकडे आला. त्याच्या हातात फलकावरून सोडवलेला कागद होता. आभार मानायला आला असेल, असं तिला वाटलं.

"बाई, ह्यात माजं नाव हाय."

"आज दुपारीच तारीख नीट केली, काका. टोळी मिळेल तुम्हाला."

"मिळंल. आता टोळ्या पार पाटोद्याकडं गेल्यात, तीन आठवडे लागतील म्हनत्यात." त्यानं कागदावर बोट ठेवलं. "ही तारीख सतरा हाय. आज अठ्ठावीस. मी विसाला खिडकीत आलतो तवा तुमाला ठावं होतं?"

तिला नाही म्हणता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "मला त्यांना पुरतं पकडायचं होतं."

 धोंडीरामनं कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. "छबुबाईचं बी आसंच झालतं," एवढंच म्हणाला आणि बसकडे निघून गेला.

संध्याकाळी बसमध्ये बायांनी तिला खिडकीची जागा दिली, कुणीतरी पेढा दिला. तिनं केलं ते पुन्हा करायची वेळ आली असती, तर तिनं तसंच केलं असतं. हे तिनं स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं, आणि ते खरंच होतं. पण दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसनं गेली, पाटोद्याकडच्या टोळ्यांच्या मुकादमांची यादी काढली, आणि धोंडीरामसाठी एक टोळी आधी फिरवता येते का, म्हणून एकेकाला फोन लावत बसली. पहिल्या तिघांनी नाही सांगितलं. तिनं चौथा नंबर फिरवला.